वापरलेली छोटी पेट्रोल गाडी घेताना इंजिन कसे तपासावे: मारुतीच्या ७९६ आणि ९९८ सीसी इंजिनांसाठी मार्गदर्शक

घरात पहिली चारचाकी येते ती पुष्कळदा वापरलेली अल्टो, वॅगन आर किंवा सेलेरिओ असते. या गाड्यांचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात आणि कोणताही अनुभवी फिटर त्या उघडून दुरुस्त करू शकतो. शिवाय त्यांच्या बॉनेटखाली इंजिनांची मोजकीच घराणी असल्यामुळे एकदा ती नीट समजून घेतली, की बाजारातल्या बहुतेक छोट्या मारुती गाड्यांची पारख करता येते. मी स्वतःसाठी आणि नातेवाइकांसाठी अशा गाड्या पाहिल्या, फिटरबरोबर तासन् तास उभा राहून त्या उघडताना पाहिल्या, आणि त्यातून जे शिकलो ते नव्याने गाडी घेणाऱ्यांसाठी क्रमाने लिहीत आहे.

माझे ठाम मत सुरुवातीलाच सांगतो. ही इंजिने मुळातल्या रचनेतल्या दोषामुळे क्वचितच संपतात. वेळेवर न बदललेले ऑइल, कूलंटऐवजी भरलेले बोअरचे पाणी आणि एकदा तापलेली गाडी तशीच पुढे रेटणे, या तीन गोष्टींनी त्यांचा जीव जातो. त्यामुळे मीटरवरचा किलोमीटरचा आकडा किती आहे यापेक्षा आधीच्या मालकाने गाडी कशी ठेवली होती, हे शोधणे अधिक महत्त्वाचे आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच शोधासाठी आहेत.

१. आरसीवरून इंजिन ओळखा

गाडी पाहायला जाण्याआधी विक्रेत्याकडून आरसीचा फोटो मागवा आणि त्यावरचा इंजिन क्रमांक व घनक्षमता वाचा. मारुतीच्या इंजिन क्रमांकाच्या सुरुवातीलाच इंजिनाची जात लिहिलेली असते. ‘एफ८डीएन’ने सुरू होणारा क्रमांक ७९६ सीसीच्या इंजिनाचा, ‘एफ१०डीएन’ने सुरू होणारा १०६१ सीसीचा आणि ‘के१०बीएन’ने सुरू होणारा ९९८ सीसीचा असतो. मागच्या दारावरचे बिल्ले बाजारात सुटे मिळतात आणि अल्टोच्या काही वर्षांच्या गाड्या बाहेरून सारख्याच दिसतात. म्हणून बिल्ल्यावर विश्वास ठेवू नये.

एफ८डी हे तीन सिलिंडरचे, एका कॅमशाफ्टचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचे) आणि बारा व्हॉल्व्हचे इंजिन आहे. त्याचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८.५ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ७२ मिमी आहे. २०१२ मध्ये आलेल्या अल्टो ८०० मध्ये ते ६,००० आरपीएमला ४८ पीएस शक्ती आणि ३,५०० आरपीएमला ६९ न्यूटन मीटर टॉर्क देते. त्याचा कॅमशाफ्ट रबरी टायमिंग बेल्टवर फिरतो, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. २०१० पूर्वीच्या वॅगन आरमध्ये सापडणारे एफ१०डी हे याच बोअर-स्ट्रोकचे चार सिलिंडरचे भावंड आहे. तेही बेल्टवर चालते आणि एक सिलिंडर जास्त असल्यामुळे आयडलला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसते चालू असताना, बरेच शांत वाटते.

के१०बी हे पूर्णपणे वेगळ्या पिढीचे इंजिन आहे. २००८ च्या अखेरीस ए-स्टारमधून ते भारतात आले. त्यानंतर एस्टिलो, २०१० ची वॅगन आर, अल्टो के१०, २०१४ ची सेलेरिओ आणि २०१९ ची एस-प्रेसो अशा अनेक गाड्यांत ते बसले. त्याचा बोअर ७३ मिमी व स्ट्रोक ७९.५ मिमी आहे. ॲल्युमिनियमचा ब्लॉक, दोन कॅमशाफ्ट, बारा व्हॉल्व्ह, प्रत्येक प्लगवर स्वतंत्र इग्निशन कॉइल आणि बेल्टच्या जागी टायमिंग चेन अशी त्याची रचना आहे. शक्ती सुमारे ६८ पीएस आणि टॉर्क ३,५०० आरपीएमला ९० न्यूटन मीटर आहे. २०२१ ची सेलेरिओ आणि २०२२ ची नवी अल्टो के१० यांत के१०सी आहे, ज्यात दर सिलिंडरला दोन इंजेक्टर असतात. या लेखातील तपासणी त्यालाही बहुतांशी लागू पडते, परंतु उदाहरणे मी के१०बी आणि एफ८डीचीच घेतली आहेत, कारण वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात तीच जास्त भेटतात.

२. कागदपत्रांतून इंजिनाची माहिती काढा

कागदपत्रे ही केवळ आरटीओसाठी असतात असे समजू नका. इंजिनाबद्दल बोलणारी कागदपत्रे अशी आहेत:

• आरसी: इंजिन क्रमांक, चॅसिस क्रमांक, घनक्षमता, इंधनाचा प्रकार आणि उत्पादनाचा महिना
• सर्व्हिसची बिले, आणि शक्य असल्यास अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंदींची प्रत
• विमा पॉलिसी, आणि मागील दाव्यांची माहिती
• पीयूसी प्रमाणपत्र
• सीएनजी असल्यास आरसीवरील नोंद आणि गॅस सिलिंडरच्या हायड्रो टेस्टचे (पाण्याच्या दाबाने केलेल्या तपासणीचे) प्रमाणपत्र
• कर्ज फेडलेले असल्यास बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५
• हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३०, आणि गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली असल्यास फॉर्म २८

सर्व्हिसच्या बिलांत ऑइल बदलाच्या तारखा आणि त्या वेळचे किलोमीटर जुळवून पाहा. या गाड्यांसाठी कंपनीने साधारणपणे दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल, ते अंतर सांगितलेले आहे. मधली दोन-तीन वर्षे एकही बिल नसेल आणि ‘आमचा ओळखीचा मेकॅनिक घरी येऊन करतो’ एवढेच उत्तर मिळाले, तर पुढे वर्णन केलेली ऑइलची तपासणी अधिक बारकाईने करा. बिलांवरचे किलोमीटर मीटरपेक्षा जास्त निघाले, तर मीटर मागे फिरवलेला आहे, आणि अशा गाडीवर पुढे वेळ घालवू नये असे मला वाटते.

चॅसिस क्रमांकावरून आणखी एक गोष्ट तपासता येते. कंपनीने परत बोलावलेल्या गाड्यांपैकी ही गाडी आहे का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये कळते. २०१० मध्ये सुमारे एक लाख ए-स्टार गाड्या इंधन पंपाच्या गास्केटमधून होणाऱ्या पेट्रोल गळतीमुळे परत बोलावण्यात आल्या होत्या. जुलै २०२० मध्ये नोव्हेंबर २०१८ ते ऑक्टोबर २०१९ या काळात बनलेल्या एक लिटरच्या वॅगन आर गाड्या इंधन पंपातील संभाव्य दोषामुळे बोलावल्या गेल्या. अशी गाडी असेल तर काम झाल्याची नोंद पाहा. नोंद नसल्यास ते काम विनामूल्य करून घेण्याचा आग्रह विक्रेत्याकडे धरा.

३. सोबत काय न्यावे

चांगली टॉर्च, पांढरे सुती फडके, हातमोजे, प्लग पाना आणि ब्लूटूथवर चालणारा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारे उपकरण) एवढे साहित्य पुरेसे आहे. एप्रिल २०१३ नंतरच्या बीएस ४ (भारत स्टेज ४ या प्रदूषण मानकाच्या) गाड्यांत स्कॅनरकडून बरीच माहिती मिळते. त्याआधीच्या गाड्यांत ती कमी मिळते. व्यवहार जवळपास ठरला की एका फिटरला सोबत घेऊन कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाची मोजणी, करावी. त्याला द्यावे लागणारे पैसे वाचवू नयेत. आणि हा फिटर विक्रेत्याने सुचवलेला नसावा.

४. इंजिन थंड असतानाच तपासणी सुरू करा

सकाळी जायचे ठरवा आणि ‘मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका’ असे आदल्या दिवशी स्पष्ट सांगा. पोहोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. ते गरम असेल तर गाडी आधी सुरू करून ठेवलेली आहे. थंड इंजिन सुरू होताना जे दोष दिसतात ते गरम इंजिनात लपतात, त्यामुळे अशा वेळी दुसऱ्या दिवशीची वेळ मागणे योग्य ठरते.

प्रथम डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) काढून पुसा, पुन्हा घालून काढा आणि ऑइल पांढऱ्या फडक्यावर टेकवा. रंग काळा असणे हा दोष नाही, कारण पेट्रोल इंजिनाचे ऑइल काही हजार किलोमीटरमध्ये काळपट होतेच. बोटांमध्ये चोळल्यावर खर लागते का, पातळी खालच्या खुणेच्या खाली आहे का, आणि ऑइलला पेट्रोलचा उग्र वास येतो का, हे पाहा. त्यानंतर ऑइल भरण्याचे झाकण उघडून त्याची आतली बाजू आणि टॉर्चच्या उजेडात आतला कॅमशाफ्टचा भाग पाहा. सांभाळलेल्या इंजिनात तिथला धातू मधाच्या रंगाचा, पातळ थर असलेला दिसतो. दुर्लक्ष झालेल्या इंजिनात काळा, चिकट गाळ दिसतो. नखाने ओढला तर तो गाळ लोण्यासारखा निघतो. असा गाळ ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो आणि मग वरच्या भागाला ऑइल पोहोचत नाही. के१०बीमध्ये चेनचा टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) ऑइलच्या दाबावर चालतो, म्हणून हा गाळ थेट टायमिंग चेनच्या मुळावर उठतो.

झाकणाखाली पांढरट, दुधाळ फेस दिसला तर घाईने निष्कर्ष काढू नका. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत आतल्या दमटपणामुळे झाकणाला असा फेस येतो, आणि एकदा लांबचा प्रवास झाला की तो नाहीसा होतो. मात्र तोच रंग डिपस्टिकवरही असेल, किंवा कूलंटची पातळी कमी असेल, तर हेड गास्केटमधून (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि ब्लॉक यांच्यामधल्या पट्टीतून) पाणी ऑइलमध्ये जात असण्याची शक्यता आहे आणि ती गाडी सोडून द्यावी.

आता रेडिएटरचे झाकण उघडा. हे फक्त थंड इंजिनावरच करायचे; गरम रेडिएटरचे झाकण उघडल्यास उकळते पाणी अंगावर उडते आणि गंभीर भाजते. आत कूलंट कंपनीच्या रंगाचा आणि स्वच्छ असावा. गंजासारखे तपकिरी पाणी असेल, तर मालकाने वर्षानुवर्षे साधे पाणी भरले आहे असे समजा. आपल्याकडे बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात. ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि वॉटर पंपात साठतात, आणि हेड ॲल्युमिनियमचे असल्यामुळे गंजरोधक नसलेले पाणी ते हळूहळू खाते. वर तेलाचा तवंग दिसला तर तो हेड गास्केटचा इशारा आहे.

शेवटी के१०बी असल्यास फिटरकडून एक इग्निशन कॉइल उपसून घ्या आणि तिच्या रबरी टोपणाचे टोक फडक्याने पुसा. टॅपेट कव्हरचे (इंजिनावरच्या झाकणाचे) गास्केट कडक झाले की ऑइल प्लगच्या विहिरीत उतरते, रबर फुगते आणि मग एक सिलिंडर मिसिंग देऊ लागतो, म्हणजे त्यातले पेट्रोल अधूनमधून पेटत नाही. हा दोष या इंजिनांत पुष्कळ दिसतो. तो स्वस्तात दुरुस्त होतो आणि त्यासाठी गाडी नाकारण्याचे कारण नाही, मात्र भावात त्याची वजावट मागावी.

५. सुरू करताना पाहा आणि ऐका

किल्ली ‘ऑन’ला नेऊन थांबा आणि डॅशबोर्डकडे पाहा. चेक इंजिनचा पिवळा दिवा आणि ऑइलचा लाल दिवा या वेळी लागलाच पाहिजे. सुरू झाल्यावर दोन्ही विझले पाहिजेत. किल्ली ऑन करूनही पिवळा दिवा लागत नसेल, तर बल्ब काढलेला आहे किंवा त्यावर पट्टी चिकटवलेली आहे. विक्रीपूर्वी केली जाणारी ही जुनी युक्ती आहे, आणि पुष्कळ ग्राहक नेमका हा एक क्षण पाहत नाहीत.

गाडी सुरू करण्याचे काम सोबतच्या माणसाकडे द्या आणि आपण सायलेन्सरच्या मागे उभे राहा. सुरू होताच निळसर धुराचा एक झोत येऊन थांबला, तर व्हॉल्व्ह स्टेम सील झिजले आहेत. निळा धूर येतच राहिला आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढला, तर पिस्टन रिंग गेल्या आहेत आणि खर्च मोठा आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळत आहे. ऑक्सिजन सेन्सर, इंजेक्टर किंवा तुंबलेला एअर फिल्टर ही त्याची नेहमीची कारणे असतात. थंडीत येणारी पांढरी वाफ आणि थेंबथेंब पाणी नैसर्गिक आहे. इंजिन पूर्ण गरम झाल्यानंतरही दाट पांढरा धूर राहिला तरच चिंता करावी.

आवाजात के१०बी आणि एफ८डी यांचे मार्ग वेगळे होतात. के१०बी थंड असताना सुरू झाल्यावर एक-दोन सेकंद समोरच्या टायमिंग कव्हरमधून हलकी खडखड येऊ शकते. ऑइलचा दाब टेन्शनरपर्यंत पोहोचला की ती थांबते. ती पाच-दहा सेकंद टिकली किंवा गरम झाल्यावरही राहिली, तर चेन, टेन्शनर आणि गाइड बदलण्याची वेळ आली आहे. ‘चेनला मेंटेनन्स नसतो’ हे विक्रेत्याचे वाक्य ऑइल वेळेवर बदललेल्या गाडीपुरतेच खरे आहे. एफ८डीमध्ये वरून येणारी नियमित टकटक बहुधा टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची) असते आणि रॉकरवरील स्क्रू फिरवून ती बसवता येते. खालून येणारा, ॲक्सिलरेटर दिल्यावर जड होणारा ठोका मात्र बेअरिंगचा असतो. तो ऐकू आला की इंजिन बंद करून निघावे.

तीन सिलिंडरचे इंजिन आयडलला थरथरते, कारण त्याच्या दोन टोकांचे बल एकमेकांना पूर्ण तोलत नाहीत आणि या इंजिनांत ते तोलण्यासाठी वेगळा शाफ्ट दिलेला नाही. स्टिअरिंगला जाणवणारी बारीक थरथर म्हणूनच दोष नव्हे. गिअरचा दांडा नाचत असेल, एसी सुरू करताच डॅशबोर्ड खडखडत असेल किंवा गाडी बंद करताना इंजिन जोरात हेलकावत असेल, तर गॅरेजच्या भाषेत ‘फाउंडेशन’ गेले आहे, म्हणजे इंजिन माउंटिंगचे रबर फाटले आहे. आयडल वरखाली होत असेल तर बहुतेक वेळा थ्रॉटल बॉडीत कार्बन साचलेला असतो आणि तो साफ केल्यावर फरक पडतो.

६. इंजिन पंखा लागेपर्यंत चालू ठेवा

ही पायरी कंटाळवाणी आहे, म्हणून टाळली जाते. माझ्या मते संपूर्ण तपासणीत तिचे मोल सर्वांत जास्त आहे. एसी बंद ठेवून गाडी आयडलला सुरू राहू द्या. काही मिनिटांनी थर्मोस्टॅट उघडतो आणि रेडिएटरचा वरचा होज गरम होतो. त्यानंतर पंखा आपोआप सुरू होतो, तापमान उतरले की बंद होतो आणि पुन्हा सुरू होतो. असे दोन फेरे पूर्ण होऊ द्या. अनेक छोट्या गाड्यांत तापमानाचा काटा नसतो, फक्त दिवा असतो, आणि तो लाल होईपर्यंत उशीर झालेला असतो. त्यामुळे पंख्याचे हे चक्र प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कूलिंग व्यवस्थित आहे असे मानू नये.

पंखा किल्ली फिरवताच सुरू होऊन सतत चालत असेल, तर सेन्सर किंवा रिले बिघडल्यावर कुणीतरी तो थेट जोडलेला आहे. थर्मोस्टॅट काढून टाकलेला असणे हीही अशीच एक सर्रास होणारी तडजोड आहे. त्यात इंजिन नेहमी थंड चालते, पेट्रोल जास्त खाते आणि सिलिंडरची झीज वाढते. विस्तार टाकीत सतत बुडबुडे येत असतील, किंवा सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज दगडासारखा टणक होत असेल, तर सिलिंडरमधील दाब गास्केट ओलांडून पाण्यात शिरत आहे. संपूर्ण ॲल्युमिनियमचे के१०बी एकदा जबर तापले की हेड वाकते. हेड घासून, नवे गास्केट टाकून ते चालते, परंतु हे काम कुणी आणि कसे केले यावर सारे अवलंबून असते. टॅपेट कव्हर किंवा हेडच्या बोल्टवर पान्याच्या ताज्या खुणा दिसल्या तर ‘हेड का उघडले होते?’ असा थेट प्रश्न विचारा.

७. चालवून पाहा, आणि शक्य असल्यास घाटात

रिकाम्या सपाट रस्त्यावरची पाच मिनिटांची फेरी फारसे काही सांगत नाही. चार माणसे, एसी सुरू आणि चढ, अशा स्थितीत गाडी चालवा. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा चढ यासाठी उत्तम आहे. तिथे एक लिटरच्या गाडीला तिसरा, आणि वळणावर दुसरा गिअर लागणे स्वाभाविक आहे. टॉर्क ३,५०० आरपीएमच्या आसपास मिळत असल्याने तीन हजारांच्या खाली चौथ्या गिअरमध्ये गाडी रखडते, आणि त्यात इंजिनाचा दोष नसतो. दोष कशात समजावा, ते सांगतो. दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर गाडी झटके खात असेल तर मिसिंग आहे. प्लग, कॉइल किंवा इंजेक्टर पाहावा लागेल. आरपीएम वाढतात पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट संपली आहे. चढावर धातूचे मणी हलवल्यासारखा किरकिर आवाज येत असेल तर इंजिन नॉकिंग करते आहे, आणि त्याचे कारण बहुतेकदा पिस्टनवर साचलेला कार्बन किंवा वाढलेले तापमान असते. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून खाली या, मग पुन्हा दाबा, आणि त्या क्षणी मागच्या आरशात निळा धूर दिसतो का पाहा.

ॲव्हरेजबद्दल विक्रेता कंपनीचा आकडा सांगेल. २०१४ च्या अल्टो के१०साठी प्रमाणित आकडा लिटरला २४.०७ किलोमीटर होता. तो प्रयोगशाळेतल्या चाचणीचा आहे. गर्दीच्या शहरात एसी लावून पंधरा-सोळा मिळाले तरी इंजिन निरोगी असू शकते.

८. स्कॅनर, पीयूसी आणि कॉम्प्रेशन

ओबीडी सॉकेट डॅशबोर्डच्या खाली, चालकाच्या बाजूला असते. स्कॅनर जोडून साठलेले बिघाडाचे कोड वाचा. पी०३०१, पी०३०२ आणि पी०३०३ हे अनुक्रमे पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे मिसिंग दाखवतात. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडत आहे, आणि पी०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थकला आहे. एकही कोड नाही म्हणून समाधान मानू नका. ॲपमध्ये ‘रेडिनेस’ हा भाग उघडा. तिथल्या चाचण्या अपूर्ण दिसत असतील, तर कोड नुकतेच पुसलेले आहेत किंवा बॅटरी काढून लावलेली आहे. त्या गाडीची पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यानंतर पुन्हा तपासणी करा.

पीयूसी आपल्यासमोर नवी काढायला सांगा आणि शिक्क्याऐवजी आकडे वाचा. बीएस ४ पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनची २०० पीपीएम आहे. मर्यादेला टेकलेले हायड्रोकार्बन न जळलेल्या पेट्रोलकडे किंवा जळणाऱ्या ऑइलकडे बोट दाखवतात.

कॉम्प्रेशन टेस्ट गरम इंजिनावर, तिन्ही प्लग काढून आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून घ्यावी. तिन्ही सिलिंडरमधला फरक चौरस सेंटिमीटरला एक किलोपेक्षा जास्त नसावा. एखादा कमी आला, तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर रिंग झिजल्या आहेत. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गास्केट पाहावे लागते.

९. सीएनजी आणि पुरातल्या गाड्या

सीएनजीमुळे इंजिन खराब होते, हे सरसकट खरे नाही. मात्र सीएनजी कोरडा वायू आहे, व्हॉल्व्ह आणि त्यांची बैठक त्यामुळे लवकर झिजते आणि टॅपेटमधले अंतर कमी होत जाते. एफ८डीमध्ये ते स्क्रूने बसवता येते. के१०बीमध्ये वेगळ्या जाडीचे टॅपेट टाकावे लागतात, ज्याला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. बाहेर बसवलेले किट आरसीवर नोंदलेले आहे का, आणि दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट झाली आहे का, हे न चुकता पाहा.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडाले, २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडाले, आणि मुंबईत तर अनेक पावसाळ्यांत तळमजल्यावरच्या गाड्या पाण्यात जातात. पाण्यात उभ्या गाडीचे इंजिन कुणी सुरू केले, तर पाणी सिलिंडरमध्ये ओढले जाते. ते दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेल्या रॉडने गाडी काही महिने चालतेही, आणि मग एके दिवशी ब्लॉक फोडते. एअर फिल्टरच्या डब्याचा तळ, फ्यूज बॉक्सचे टर्मिनल आणि स्टेपनीखालचा खळगा यांत सुकलेला चिखल शोधा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. गुंडाळलेल्या भागावर पाण्याची रेघ राहिलेली असते, कारण गाडी धुणारा तिथपर्यंत पोहोचत नाही. विम्याच्या दाव्यांची माहितीही इथे उपयोगी पडते.

१०. घेतल्यानंतर लगेच करायची कामे

गाडी नावावर होण्याची वाट न पाहता पहिल्याच आठवड्यात ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, प्लग आणि कूलंट बदला. जुन्या मालकाने कालच बदलले असे सांगितले तरी बदला, म्हणजे पुढचा हिशेब आपल्या हातात राहतो. ऑइलची श्रेणी गाडीच्या हस्तपुस्तिकेतलीच घ्या. के मालिकेच्या इंजिनांना पातळ ऑइल सांगितलेले असते, आणि ‘जुनी गाडी आहे, जाड टाका’ हा सल्ला चेनच्या टेन्शनरला मानवत नाही. एफ८डी असेल आणि टायमिंग बेल्ट बदलल्याचे बिल नसेल, तर बेल्ट, त्याचा टेन्शनर आणि वॉटर पंप एकाच वेळी बदलून घ्या. बेल्ट तुटला की गाडी जिथे असेल तिथेच बंद पडते.

पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि २०२३ पूर्वीच्या बहुतेक छोट्या गाड्यांचे रबरी भाग त्यासाठी बनवलेले नाहीत. इंधनाचे होज आणि त्यांचे सांधे दर सर्व्हिसला हाताने चाचपून पाहावेत, तडे दिसले तर बदलावेत, आणि गाडी महिनोन् महिने टाकीत पेट्रोल ठेवून उभी करू नये, कारण इथेनॉल हवेतला दमटपणा शोषून घेते.

पहिले हजार किलोमीटर होईपर्यंत दर आठवड्याला, गाडी सपाट जागी आणि इंजिन थंड असताना, ऑइल व कूलंटची पातळी तारीख व किलोमीटरसह वहीत लिहून ठेवा. हजार किलोमीटरमध्ये ऑइल अर्धा लिटरहून अधिक कमी झाले आणि बाहेर कुठेही गळती नसेल, तर आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या आतली वाफ परत जाळायला नेणारी झडप) बदलून पाहा. हा भाग स्वस्त आहे आणि तो तुंबल्यानेही इंजिन ऑइल खाते. त्यानंतरच्या हजार किलोमीटरमध्येही तेवढेच ऑइल गेले, तरच हेड उघडण्याबद्दल फिटरशी बोला.